न घेता पुस्तकं चाळली तर चालतं का?

प्रश्न : मी खानापूरची. नोकरीसाठी रोज बेळगावला येते. संध्याकाळी सुटल्यावर बस मिळेपर्यंत तासभर मोकळा असतो. पुस्तकांच्या दुकानात जावंसं फार वाटतं, पण दर वेळी पुस्तक घेणं परवडत नाही. नुसतं चाळत उभं राहिलं तर दुकानदार काय म्हणेल, या विचारानं पायरीवरूनच परत फिरते. घरचे म्हणतात, मोबाइलवर मागव, स्वस्त पडतं. न घेता दुकानात वेळ काढलेला चालतो का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, चालतो. अगदी मोकळ्या मनानं आत जा. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतोय, कारण माझी उमेदीची वर्षं बेळगावातल्या एका पुस्तकांच्या दुकानात गेली. आमचे मालक, त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे, कुणी दारात घुटमळताना दिसलं की गल्ल्यावरूनच हाक मारायचे, “या की हो आत! बघायला काय पैसे पडतात?”

अण्णांना धंदा चांगला कळत होता, म्हणूनच ते असं म्हणायचे. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांचं पोट जून महिन्यात भरतं. शाळा उघडल्या की वह्या, पाठ्यपुस्तकं, गाईडं, कव्हरांचे कागद, आणि तेही मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांचे. त्या दिवसांत मात्र चाळायला जाऊ नका, तिथं उभं राहायलाही जागा नसते. एरवी वर्षभर कथा-कादंबऱ्या, चरित्रं, कविता हे जे ‘अवांतर’ म्हणून मागच्या फळ्यांवर असतं, ते घेणारं गिऱ्हाईक एका दिवसात तयार होत नाही. ते आधी कितीतरी दिवस नुसतं चाळत असतं. ते दुकानदाराला पक्कं माहीत असतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामाला असलेले एक गृहस्थ आमच्याकडे यायचे. नखांत काळी वाळू, हातात जेवणाचा डबा. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी त्यांनी उभ्या उभ्या वाचायला घेतली होती. यायचे, आठ-दहा पानं वाचायचे, खुणेला बसचं तिकीट ठेवून पुस्तक जागच्या जागी लावून जायचे. अण्णांनी ते तिकीट पाहिलं होतं. त्यांनी ती प्रत वरच्या फळीवर कडेला सरकवली आणि दुसऱ्या कुणी मागितली तर नवी मागवून द्यायची, असं मला सांगून ठेवलं. कादंबरी वाचून संपली त्या दिवशी त्या गृहस्थांनी तीच प्रत पैसे मोजून नेली. मुलगी आता वाचण्याजोगी झाली आहे, म्हणाले.

पुस्तक चाळण्याची मात्र एक रीत आहे, ती पाळा. फळीवरचं पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका. तिथंच ते फाटतं. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला आणि हवं ते मधोमध धरून काढा. हे करताना पाहिलं की दुकानदार तुम्हाला ओळखायला लागतो, नाव माहीत नसलं तरी. मग मुखपृष्ठावरून थेट श्रेयपानावर या. पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रणं किती, सगळं तिथं असतं. मी तर अर्पणपत्रिका वाचल्याशिवाय पुढं जातच नाही. मलपृष्ठावरच्या स्तुतीवर फार विसंबू नका, मधलं कुठलंही पान उघडून परिच्छेदभर वाचा. लेखकाचा हात तिथं कळतो, सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात. आणि घ्यायचं ठरलंच तर पृष्ठक्रमांकांवरून एकदा नजर फिरवा. आपली पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एका मोठ्या छापील कागदाच्या घड्या घालून केलेल्या जुड्यांनी, बांधलेली असतात. बाइंडिंगमध्ये कधी एखादा फर्मा दोनदा येतो, कधी उलटा लागतो, कधी गायबच असतो. अशी प्रत दुकानदार बदलून देतो, पण ते घरी गेल्यावर कळलं तर खानापूरहून पुन्हा हेलपाटा.

आता मोबाइलचं. स्वस्त पडत असेल तर तिथून जरूर मागवा, त्यात काही वावगं नाही. पण मोबाइलवर तुम्हाला पुस्तकाचं नाव टाकावं लागतं, म्हणजे ते आधी ठाऊक असावं लागतं. नंतर तो दाखवतो तेही तुम्ही पूर्वी बघितलेल्याच्याच जवळपासचं. दुकानात कवितासंग्रहाच्या शेजारी मधमाश्या पाळण्याचं पुस्तक असतं, कारण दोन्हींचा आकार एक आणि फळीत तेवढीच जागा. मला स्वतःला झाडांची गोडी लागली ती अशीच, पाककृतींची पुस्तकं लावताना मधे सापडलेल्या एका पातळ पुस्तकामुळं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातले दोन मला पाठ आहेत : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. या दोनांतल्या पहिल्यापुरता मोबाइल पुरतो. दुसऱ्यासाठी मात्र माणसानं फळ्यांसमोर रेंगाळावंच लागतं.

रेंगाळायला दुसरी हक्काची जागा म्हणजे वाचनालय. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. वर्गणीदार झालात तर पुस्तक बसमध्ये वाचता येईल, आणि वाचनालयात आवडलेलं पुस्तक मग दुकानातून कायमचं घरी आणावं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून आपल्या बायाबापड्यांना सरकारी बसला तिकीट पडत नाही. त्या वाचलेल्या पैशातून दोन-तीन महिन्यांकाठी एखादं पुस्तक बसतंय का बघा. नाही बसलं तरी दुकानात जायचं थांबवू नका. थंडीत कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीमागून मंडपात शिरलात की पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात. तिथं तर गावच्या आज्याही पुस्तकं उलटून बघतात, लाजायचं कारणच नाही.

प्रश्न : वडिलांची जुनी पुस्तकं ट्रंकेत आहेत. पावसाळ्यानंतर कसर लागलेली दिसली. काय करावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ट्रंकेतून आधी बाहेर काढा. कसरीला अंधार, ओल आणि बांधणीतली खळ या तिन्ही गोष्टी हव्या असतात, ट्रंकेत तिला सगळं आयतं मिळतं. पुस्तकं कडक उन्हात मात्र टाकू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. वारा लागेल अशा सावलीत दोन दिवस उघडून उभी ठेवा आणि मऊ ब्रशनं पानांच्या कडा, विशेषतः कण्याजवळची खाच, झाडून घ्या. कपाटात लावताना मागच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला उलट ओल आणतो. आणि अधूनमधून ती वाचा. हाताळलेल्या पुस्तकाला कसर कमी लागते.

प्रश्न : माझा नातू कन्नड माध्यमात चौथीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही. दुकानात नेलं की तो कन्नड गोष्टींच्या पुस्तकांकडेच धावतो. मी त्याला मराठीकडे ओढतो, तो हिरमुसतो. काय करू?
– एक आजोबा, संकेश्वर

उत्तर : आजोबा, तुमची तळमळ मला पुरती कळते. पण त्याला ओढू नका. आधी त्याच्या आवडीचं कन्नड पुस्तक घेऊन द्या, मग तुमच्या आवडीचं एक मराठी घ्या. दोन्ही एकाच पिशवीतून घरी येऊ देत. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. कवी झाले कन्नडचे, १९७३ साली ज्ञानपीठ मिळालं, आणि मराठीतही लिहीत राहिले. धारवाडला गेलात तर नातवाला मनोहर ग्रंथमालेत घेऊन जा. १९३३ साली जी. बी. जोशी यांनी सुरू केलेली ही कन्नड प्रकाशनसंस्था. तिच्या माळ्यावर, तिकडे त्याला ‘अट्ट’ म्हणतात, लेखकांची पिढ्यान्‌पिढ्या बैठक असे. गिरीश कार्नाड यांची नाटकं याच संस्थेनं छापली. पुस्तकांपाशी मोठी माणसं तासन्‌तास बसतात, हे मुलानं डोळ्यांनी बघावं.

देवनागरीचं म्हणाल तर तुमचं निम्मं काम शाळेनं केलेलं आहे. कन्नडची वर्णमालाही क, ख, ग, घ याच क्रमानं चालते, काना-मात्रांची कल्पनाही तीच. त्याला फक्त आकार नवे आहेत. वहीच्या पानावर डावीकडे कन्नड अक्षर, उजवीकडे देवनागरी असं रोज चार-पाच अक्षरांचं लिहून घ्या. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात, आपल्याकडे नाहीत, तिथं तो अडेल. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले च वेगळे का, हेही विचारेल. तोंडानं म्हणून दाखवा, घरात मराठी ऐकतच वाढलाय, कान तयार आहे. आणि पुढच्या खेपेला दुकानात नेलंत की पुस्तक निवडायचं काम त्याच्याकडे द्या, मोठ्या टायपातलं, कमी पानांचं. जे निवडेल ते घ्या.