विमान शिकायचं, पण कुठे? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा आहे, बारावी विज्ञान झाली आहे. आधी खासगी वैमानिक परवाना (पीपीएल) घ्यायचा आणि जमलं तर पुढे व्यावसायिक, असा त्याचा विचार आहे. तीन संस्थांची दरपत्रकं आणली आहेत. तासाच्या दरात बराच फरक दिसतो. सर्वांत स्वस्त संस्था निवडावी का? – एक पालक, सातारा

उत्तर : दरपत्रकं तूर्त बाजूला ठेवा. बारामती असो, धुळे असो की गोंदिया, प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण सकाळ जाऊन बसा. संस्थेच्या फळ्यावर त्या दिवसाच्या किती सॉर्टी (उड्डाणाच्या फेऱ्या) लिहिल्या आहेत आणि दहा वाजेपर्यंत त्यातल्या किती खरोखर उडाल्या, हे मोजा. माहितीपत्रकात दहा विमानं असतील, पण उड्डाणाच्या ५० आणि १०० तासांनंतरच्या तपासणीला लागलेली, सुट्या भागांसाठी अडकलेली वजा करून जी उरतात तीच तुमच्या मुलाच्या वाट्याची.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. पीपीएलला किमान ४० तास उड्डाण लागतं. त्यात २० तास सोलो, म्हणजे प्रशिक्षकाविना एकट्याने, आणि एक १५० नॉटिकल मैलांची फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. दरपत्रकातला एकूण खर्च याच ४० तासांचा असतो. आठवड्याला तीन-चार सॉर्टी मिळाल्या तर विद्यार्थी त्या आकड्याच्या आसपास राहतो. पंधरा दिवसांनी एखादी मिळाली, तर लँडिंग बिघडतं. धावपट्टीवर टेकण्याआधी नाक नेमकं कधी उचलायचं, हा अंदाज डोळ्यांत बसावा लागतो. खंड पडला की तो मोडतो. मग विमान उंचावरच वेग गमावून आपटतं, नाहीतर टेकून पुन्हा उसळतं आणि प्रशिक्षक पुन्हा सर्किट (उड्डाण करून विमानतळाभोवती वळसा घेत पुन्हा उतरणं) मारायला लावतात. असे तास ५५-६० वर गेले की स्वस्त दराची बचत संपली.

तास कसा मोजतात, हेही लेखी घ्या. इंजिन सुरू झाल्यापासून की चाकं उचलल्यापासून? वर्दळीच्या विमानतळावर प्रवासी विमानांना वाट देत दहा-दहा मिनिटं उभं राहावं लागतं आणि इंजिन सुरू असल्याने मीटर पळतच असतं.

मुलगा अंगाने भरलेला असेल तर विमान कोणतं, ते जरूर विचारा. सेसना १५२ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान सुमारे ५२० आणि पूर्ण टाकीचं इंधन ६७ किलो धरलं, तर दोघांसाठी १७० उरतात. विद्यार्थी आणि प्रशिक्षक दोघेही नव्वद किलोचे असतील तर इंधन कमी भरावं लागतं आणि सॉर्टी आखडते.

जूनमध्ये प्रवेश घेऊ नका. पावसाळ्यात ढग खाली येतात, दृश्यमानता घटते आणि सोलोचे दिवस वाया जातात. ते महिने हवामानशास्त्र, नियम आणि नेव्हिगेशनच्या अभ्यासाला द्या, उड्डाण ऑक्टोबरपासून.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) २०२५ मध्ये संस्थांची श्रेणी पहिल्यांदा जाहीर केली तेव्हा ३५ पैकी एकही वरच्या दोन श्रेणींत बसली नाही. त्यामुळे श्रेणी बघा, पण ती बघून फळा बघायचं टाळू नका. पैसे दहा-दहा तासांच्या हप्त्यांनी भरा. एकरकमी सवलतीला भुलू नका, कारण पैसे अडकले की संस्था बदलता येत नाही. एक पैसाही भरण्याआधी खासगी परवान्याला लागणारी क्लास २ वैद्यकीय तपासणी करा, आणि व्यावसायिक परवान्याचा विचार पक्का असेल तर क्लास १ सुद्धा. रंगांधळेपणासारखा दोष उशिरा कळला तर फार जिवाला लागतं.

प्रश्न : मी डॅलसला नोकरी करते, नागरिकत्व भारतीय. इथे शिकताना 'पार्ट ६१' घेऊ की 'पार्ट १४१'? – एक वाचक, टेक्सास

उत्तर : हे दोन्ही अमेरिकी वैमानिक प्रशिक्षणाच्या नियमांचे भाग आहेत. खासगी परवान्याला १४१ मध्ये किमान ३५ तास, ६१ मध्ये ४०. पण १४१ चा अभ्यासक्रम ठरलेल्या क्रमानेच पुरा करावा लागतो. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी उडणार असाल तर ६१ सोयीचं. मात्र तुम्ही तिथल्या नागरिक नसल्यामुळे टीएसएची (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा) सुरक्षा मंजुरी मिळाल्याशिवाय प्रशिक्षण सुरू होत नाही. तो अर्ज आधी करा, मगच प्रशिक्षकाची वेळ ठरवा.