आधी काय बघायचं ते ठरवा, मग कॅन उघडा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नोकरीसाठी सांगलीहून गोव्यात पर्वरीला आलात, इथे बनणारी क्राफ्ट बिअर पहिल्यांदाच चाखताय. शनिवारी संध्याकाळी फुटबॉल, मग एखादी मालिका आणि उशिरा गाणी असा घरचा बेत असतो. कशाबरोबर काय घ्यावं, हा प्रश्न. सोबत दोन तक्रारी: चोरीस-पावाबरोबर (चोरीस म्हणजे गोव्याचं मसालेदार सॉसेज) मॅच बघताना उघडलेली आयपीए ही कडवट बिअर कारल्याच्या रसासारखी लागली, आणि दुसऱ्या एका कॅनला ओल्या पुठ्ठ्याची चव होती.

मी फोंड्याचा. इथली क्राफ्ट बिअर बाटल्या-कॅनमधून मिळायला लागली तेव्हापासून आवडीने पितो. त्यावर वाचलंय, बनवणाऱ्यांशी बोललोय आणि मित्रमंडळींना घरी बोलावून बरंच जमवून-बिघडवून पाहिलंय. त्यावरून सांगतो.

पुठ्ठ्यापासून सुरुवात करू, कारण तिथे चुकलं की पुढचं काहीच उपयोगाचं नाही. कॅन भरताना आत राहिलेला किंचित ऑक्सिजन हळूहळू बिअर शिळी करतो, आणि उष्णतेत हे काम झपाट्याने होतं. ओल्या पुठ्ठ्याची चव ही त्याचीच खूण. गोव्याच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात महिनाभर पडलेली खोकी आठवा, म्हणजे कळेल. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीला उजेडाचंही भय असतं. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं; त्यांतले कडू घटक उन्हाने किंवा ट्यूबलाइटने फुटतात आणि एक उग्र, नकोसा वास येतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, कॅन पूर्ण अडवतो. म्हणून दुकानात समोरच्या शेल्फवर सजवलेली बाटली घेऊ नका, फ्रिजमधली मागा. कॅन उलटा करून खालची तारीख वाचा. आयपीए असेल तर भरल्यापासून दोन-तीन महिन्यांच्या आतलीच घ्या. तिचा जो आंब्या-संत्र्यासारखा वास असतो तो सगळ्यात आधी उडतो, आणि मागे राहतो तो निव्वळ कडूपणा. मला एका दुकानदाराने "बिअरला काय होतंय" म्हणून आठ महिन्यांपूर्वीचे सहा कॅन दिले होते. सहाही बेसिनमध्ये ओतले. एवढ्या मेहनतीने कोणी बनवलेली वस्तू अशी वाया गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आणतानाही हेच. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवून बाजारहाट करत फिरू नका, बिअर शेवटी घ्या. थंड केलेली बिअर एकदा गरम झाली की नासते असं लोक म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. थंड होऊन पुन्हा साध्या तापमानाला आल्याने तिचं बिघडत नाही, तापलं की बिघडतं. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून कॅन बुडवा, वीसेक मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये टाकून मॅच बघायला बसू नका. शून्याच्या दोन-तीन अंश खाली बिअर गोठते आणि कॅन फुगतो, फुटतोसुद्धा.

आता कारलं. त्यात बिअरचा दोष कमी, जोडीचा जास्त. आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल', हॉप्स सढळ हाताने घातलेली एल (एल हा बिअरचाच एक प्रकार). इंग्लंडहून जहाजाने हिंदुस्थानात येणाऱ्या फिकट एलमध्ये हॉप्स जास्त घालत, कारण हॉप्समुळे बिअर टिकते. नावातला 'इंडिया' तिथला. आपला चोरीस तिखट, आंबट आणि तेलकट. हॉप्सचा कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीचा जाळ वाढवतात, आणि तोंड भाजलेलं असताना कडूपणाही दुप्पट लागतो. दोघं एकमेकांना चिडवतात म्हणा ना. चोरीसबरोबर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा असलेली बिअर घ्या. लाटंबार्शाच्या 'माका दी' या ब्रँडची मधाची एल असते, ती घेऊन बघा. (कोकणीत 'माका दी' म्हणजे 'मला दे'. आपल्याला शिकवावं लागत नाही.) तुमची आयपीए मात्र टाकून देऊ नका. ती खारट, कुरकुरीत गोष्टींबरोबर खुलते: भाजलेले काजू, साध्या मिठा-हळदीचे तळलेले मासे, चीज. गोवा ब्रुइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' किंवा आर्बरची 'बीच शॅक' अशी एखादी आयपीए सुटी, निवांत, आधी न खाता चाखा. हणजूणला राहिलेल्या ज्या हिप्पी एडीवरून पहिलीचं नाव पडलं, त्याच्या हातांना खरोखरच आठच बोटं होती.

रव्यात तळलेला बांगडा किंवा शिणाण्या (शिंपल्यांतलाच एक प्रकार) असतील तर बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे ती माशावर लिंबू पिळल्यासारखं काम करते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्या-लवंगेचा वास येतो. तो मात्र बाहेरून घातलेला नसतो, यीस्टच तयार करतं. सुक्या गालम्याच्या किसमुराबरोबर (सुक्या बारीक कोळंबीची, खोबरं घातलेली कोशिंबीर) साधी, स्वच्छ लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकट बिअर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पदार्थाशी जोडी लावायला सगळे सांगतात. माझं म्हणणं असं की घरी बसून काही बघणार-ऐकणार असाल, तर पदार्थाच्याही आधी वेळ बघा. समोरची गोष्ट किती लांब आहे, ती तुमच्याकडून किती लक्ष मागते आणि मध्ये थांबते कुठे, यावर बिअर ठरते.

फुटबॉल यात सगळ्यात सोपा. पंचेचाळीस मिनिटं, पंधरा मिनिटांची विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस. एका अर्धात 330 मिलीचा एक पाइंट आरामात जातो आणि गरमही होत नाही. म्हणजे पूर्ण सामन्याला दोन. हलक्या लागर किंवा गव्हाच्या बिअर घ्या, साडेचार-पाच टक्क्यांच्या. मॅचमध्ये हात ग्लासाकडे नकळत जातो, घोट मोजले जात नाहीत, म्हणून तिथे जड बिअर नको. आणि गोव्यात फुटबॉल बघताना शांत बसणं जमत नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल या क्लबांच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं आहोत आम्ही.

20 डिसेंबर 2015 ची संध्याकाळ सांगतो. फातोर्ड्याच्या मैदानावर आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) अंतिम फेरी, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. आम्ही सहा जण माझ्याकडे टीव्हीसमोर. तेव्हा इथली क्राफ्ट बिअर नव्हती, नेहमीची लागर होती, आणि एका मित्राने जिंकल्यावर उघडायला एक भारी बेल्जियन बाटली आणली होती. 87 व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा 2-1 पुढे. आम्ही ती बाटली उघडली. नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी झाली, आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा मारला. 3-2, संपलं. ती बिअर कशी होती ते सहापैकी एकालाही आज सांगता येत नाही. इतक्या दिवसांनी आणलेली, जपलेली गोष्ट आम्ही जीभ सुन्न झालेली असताना प्यायलो. तेव्हापासून माझ्या घरचा नियम: चांगली बाटली शेवटची शिट्टी वाजल्यावरच. हरलो तरी उघडतो. मग टीव्ही बंद करून, सामन्यावर बोलत, तासभर.

चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. त्याला एक पाइंट पुरे, तोही पूर्वार्धात. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.

क्रिकेटचं गणित वेगळं. ट्वेंटी-20 साडेतीन तास चालतो, आणि प्रत्येक षटकानंतर जाहिरात आली की हात रिकामा असतो. तिथेच जास्त प्यायलं जातं. मी पहिल्या डावात फक्त पाणी आणि लिंबू सोडा घेतो, दुसऱ्या डावाला बिअर उघडतो. पाठलागाची मजा तेव्हाच असते. एकदिवसीय आणि कसोटीबरोबर मी पीत नाही. आठ तास ग्लास धरून बसणं म्हणजे ना बिअरचा मान, ना खेळाचा.

मालिकांबद्दल थोडंच. अर्ध्या तासाच्या भागाला एक पाइंट दोघांत. रहस्याची असेल आणि खालची अक्षरं वाचत बघायची असेल, तर भाग संपल्यावर घ्या, नाहीतर दुवे निसटतात. आणि एकामागून एक भाग बघायची सवय असेल तर पहिल्याच भागाला कॅन उघडून टाका आणि पुढे चहा.

गाण्याबद्दल मात्र मनापासून लिहावंसं वाटतं, कारण मी मुळात त्यासाठीच बसतो. आमच्या तालुक्यात मंगेशीला दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी, केरीला गायिका केसरबाई केरकर. गाणं इथे हवेतच आहे. केसरबाईंची जुनी तबकडी साडेतीन मिनिटांची. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, तीही एवढीच. अशा तबकड्या लावून बसलो की मी बिअर ओततच नाही. साडेतीन मिनिटांत एवढं काही घडतं की ग्लास उचलायला सवड नसते. दोन तबकड्यांच्या मधल्या शांततेत एक घोट, बस्स.

लांब ख्याल असेल, विलंबित चाळीस मिनिटं चालणार असेल, तेव्हा जड बिअर काढतो. ट्रिपेल (कडक बेल्जियन एल) किंवा स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर). त्या फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवायच्या, दहा-बारा अंशांपर्यंत येऊ द्यायच्या. बर्फगार असताना त्यांचं काहीच कळत नाही. आलापी पुढे सरकते तसा ग्लासही हळूहळू कोमट होतो, आणि आधी न जाणवलेले वास वर येतात: सुकं अंजीर, भाजलेली कॉफी, लवंग. ग्लास अर्धाच भरायचा आणि तेवढाच पुरवायचा. स्टाउट असेल तर बाजूला बेबिंकची (थरांच्या गोवन केकची) एक पातळ फोड ठेवा. अभंग लागला की मी ग्लास आत नेऊन ठेवतो. वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं हा विचार नाही त्यात, मलाच ते जुळत नाही.

कोकणी गाणी, ख्रिस पेरीचा ट्रम्पेट आणि लोर्नाचा आवाज, यांना थंड गव्हाची बिअर. त्या गाण्यांत पाय थिरकतात, तिथे जड काही नको.

ग्लासाबद्दल: वापराच, कॅनमधून पिऊ नका. वास नाकाशी आला नाही तर क्राफ्ट बिअरचे जास्तीचे पैसे वाया. ग्लास भांड्यांच्या तेलकट स्पंजने घासू नका, फेस टिकत नाही. फ्रीझरमधला गोठवलेला ग्लासही नको, त्यात नुसता फेस होतो. वर दोन बोटं फेस राहू द्या.

आणि कॅनवरची टक्केवारी वाचायची सवय लावा, कारण चवीवरून ती कळत नाही. पाच टक्क्यांच्या 330 मिलीत साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या 500 मिलीत 31-32 ग्रॅम. म्हणजे तो एक कॅन जवळपास अडीच पाइंटांएवढा. कोणी मित्र म्हापशाहून किंवा मडगावहून येणार असेल तर त्याची झोपायची सोय आधी करा. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरं कारण ते नाही. पर्वरीच्या महामार्गावर रात्री काय होतं ते तुम्ही लवकरच वर्तमानपत्रात वाचायला लागाल. सांगलीला घरी जाताना चार कॅन भेट न्यावेसे वाटले, तर अबकारी खात्याचा परवाना काढा. सीमेवर तपासणी असते.

येत्या शनिवारसाठी एवढंच करा. दुपारी फ्रिजमधलेच चार पाइंट आणा: दोन गव्हाचे, एक आयपीए, एक स्टाउट किंवा ट्रिपेल. तारखा बघून. संध्याकाळी पदेर (पाववाला) आला की पोयी (कोंड्याचे पाव) घ्या. मॅचच्या दोन अर्धांना गव्हाचे दोन, रवा-तळल्या बांगड्याबरोबर. तुम्ही दोघं असाल तर एकेक ग्लास वाटून, म्हणजे रात्रीसाठी डोकं जागेवर राहील. आयपीए रविवारी दुपारी, काजूंबरोबर, टीव्ही न लावता. आणि स्टाउट शनिवारी रात्री दहानंतर, दिवे मंद करून, एखादा लांब ख्याल लावून. आयपीए कशी लागली ते जरूर लिहा, आणि तारीख कोणती होती तेही.