सेक्रेटरिएट पाच वेळा हरला होता

माळेगावच्या यात्रेत घोडा दाखवताना व्यापाऱ्याने तुम्हाला ऐकवलं, "सेक्रेटरिएटचं रक्त आहे. तो जन्मात हरला नाही, काळीज दहा किलोचं होतं." सेक्रेटरिएट म्हणजे अमेरिकेचा गाजलेला शर्यतीचा घोडा. यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय.

हरला नाही, ही तर थाप. 21 रेस, 16 विजय. 1972 मधल्या पहिल्याच रेसला गर्दीत धक्का खाऊन चौथा आला. पुढे एकदा पहिला येऊनही दुसऱ्याला अडथळा केला म्हणून खाली ढकलला गेला. 1973 च्या केंटकी डर्बी या मोठ्या रेसआधी दोन आठवडे वुड मेमोरियल रेसला तिसरा. वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. घरी घोडं आहे त्याला सांगायला नको, तोंड ठणकत असलं की जनावर लगाम धरत नाही. पुढे गाजलेल्या बेलमाँट रेसनंतरही दोनदा मार खाल्ला, ओनियन आणि प्रूव्ह आउट या घोड्यांकडून. दोन्ही घोडे अ‍ॅलन जर्केन्स या एकाच ट्रेनरचे!

पण डर्बी बघा. सव्वा मैलात प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात: 25.2 सेकंदांवरून 23 पर्यंत. शेवटाला इतर घोडे ढिले पडतात, हा वाढतच गेला.

9 जूनला बेलमाँट, दीड मैल. शॅम हा प्रतिस्पर्धी घोडा सुरुवातीपासून बरोबरीने. पहिले सहा फर्लांग, म्हणजे पाऊण मैल, 1 मिनिट 9.8 सेकंदांत. एवढा वेग लांब पल्ल्याला वेडेपणाच. शॅम मोडला, पाचांत शेवटचा आला. सेक्रेटरिएट 31 लांब्यांनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर) जिंकला, सुमारे 75 मीटर. वेळ 2 मिनिटं 24 सेकंद, तिथला विक्रम अजून कायम. जॉकी रॉन टर्कॉट शेवटी मान वळवून घड्याळ बघत होता!

काळीज? 1989 मध्ये सेक्रेटरिएट गेल्यावर ते वजन करून पाहिलंच नाही. दहा किलो हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज. त्यांनी पुढे शॅमचं मात्र तोललं, ते आठ किलोच्या आसपास भरलं. साधारण थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचं, चारएक किलो. म्हणजे हरणाऱ्याचंही दुप्पटच होतं की.

गंमत म्हणजे सेक्रेटरिएटचे तीन पाय पांढरे होते, चौथा नव्हता. भोवरे आणि पाय बघणारं आपलं निम्मं गिऱ्हाईक त्याला बघून पुढे गेलं असतं.

रक्ताचं म्हणाल तर त्याच्या लेकींकडून वंश खूप पसरला, त्यामुळे दावा अशक्य नाही. पण थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटीकडे असते. घोड्याचा पासपोर्ट मागा, मायक्रोचिप तपासून घ्या. कागद नसेल तर त्या नावाचा एक रुपयाही जादा देऊ नका.