काकूंच्या डब्याची वेबसाइट गूगलवर दिसावी म्हणून

प्रिय मैत्रिणीस,

पुण्यात कर्वेनगरातल्या त्या काकूंच्या डब्याच्या वेबसाइटचं काम तू हातात घेतलंस, फार बरं झालं. ‘एसईओ करून दे’, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर येईल असं कर, एवढंच त्यांनी सांगितलं असणार आणि कुठून सुरुवात करायची हा प्रश्न तुला पडला असणार. छोट्या धंद्याच्या एसईओचं निम्मं सामान मालकाच्या फोनमध्येच असतं, असं माझं ठाम मत आहे. काकूंना विचारून त्यांचं व्हॉट्सॲप उघड आणि नव्या गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न वहीत जसेच्या तसे उतरवून घे. ‘वारज्याला डबा पोचतो का?’ ‘महिन्याचे किती?’ ‘फक्त रात्रीचा मिळेल?’ ‘कांदा-लसूण नसलेला देता का?’ ‘गावी गेलो तर तेवढ्या दिवसांचे पैसे वळते होतात का?’ लोक गूगललाही हेच विचारतात. ‘स्वादिष्ट व आरोग्यदायी भोजनाची परंपरा’ कुणी शोधत नाही, आणि तरीही बहुतेक साइटींचं पहिलं वाक्य तेच असतं.

पण लिहायला बसण्याआधी गूगलला साइट वाचता येते का ते तपास. शोधपट्टीत इंग्रजीत साइट, मग कोलन आणि जागा न सोडता डोमेन, म्हणजे साइटचं नाव, टाक. एकही पान आलं नाही तर सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) जाऊन खात्री कर. तिथं मालकी सिद्ध करायचा एक मार्ग म्हणजे डोमेनच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर सांगणारी नोंदवही) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकणं. ती झाली की साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, दे आणि यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये एकेक पान तपास. साइट वर्डप्रेसवर (साइट बांधायचं एक साधन) असेल तर आधी सेटिंग्जमधलं रीडिंग हे पान उघड. सर्च इंजिनांनी साइट घेऊ नये अशी एक चौकट तिथं असते. साइट बांधताना तिच्यावर टिक करतात आणि सुरू करताना काढायचं राहून जातं. आणखी एक घोळ नेहमी होतो. नको असलेलं पान रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांनी काय वाचू नये ते सांगणारी फाइल) अडवतात आणि त्याच पानावर नोइंडेक्सही (‘हे पान निकालांत दाखवू नका’ अशी खूण) लावतात. पान अडवलं की गूगलला आतला नोइंडेक्स दिसतच नाही, आणि दुसरीकडून दुवा असेल तर नुसता पत्ता निकालांत येऊ शकतो. पान काढायचं असेल तर ते वाचू दे आणि नोइंडेक्स ठेव.

मराठी साइटींची एक खास अडचण आहे, तिच्याकडे नीट लक्ष दे. मेनूकार्ड प्रेसमध्ये छापलेलं असतं, बऱ्याचदा जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टात. तो मजकूर तसाच उचलून साइटवर टाकला तर त्या फॉन्टात डोळ्यांना मराठी दिसतं, पण गूगल रोमन अक्षरांची निरर्थक रांग वाचतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायची. तिथं कचरा उमटला तर सगळं युनिकोडात पुन्हा टाइप कर. मेनूचा नुसता फोटो लावणंही टाळ. भाव, वेळा, भागांची नावं ही अक्षरांत हवीत. फोटो जेवणाचे लाव, तेही खरे. फोनमधून आलेला चार-पाच एमबीचा फोटो साधारण १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठव, बहुतेक वेळा तो २०० केबीच्या आत बसतो. पानातला मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, ही गूगलची ‘चांगलं’ म्हणायची मर्यादा आहे, आणि छोट्या साइटीवर ती बहुधा असले फोटोच मोडतात. तपासणी मोबाइलवर कर, कारण गूगल पानाची मोबाइल आवृत्तीच धरतं.

आता शीर्षक, म्हणजे निकालात दिसणारी पानाच्या नावाची ओळ. ‘होम’ किंवा ‘वेलकम’ नको. ‘घरगुती शाकाहारी डबा, कर्वेनगर व वारजे’ आणि पुढं धंद्याचं नाव, एवढं पुरे. लांब झालं तर निकालात शेपूट कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द आधी. डबा, टिफिन, मेस हे तिन्ही शब्द लोक वापरतात. मजकुरात सहज येतील तिथं येऊ देत, पण एकाच ओळीत कोंबू नकोस. कर्वेनगरात बाहेरच्या राज्यांतली मुलंही शिकायला असतात, त्यांच्यासाठी इंग्रजी पान वेगळं कर आणि दोन्ही पानं एकमेकांना एचरेफलँगने (कोणतं पान कोणत्या भाषेत ते गूगलला सांगणारी खूण) जोड. पानाचा पत्ता रोमनमध्ये आणि आखूड ठेव. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. कीवर्ड्सच्या मेटा टॅगवर (पानाच्या कोडात लिहायची शोधशब्दांची यादी) वेळ घालवू नकोस, तो आपण विचारात घेत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

कोथरूड, वारजे, बावधन अशी नावं बदलून तोच मजकूर असलेली दहा पानं करण्याचा मोह होईल. करू नकोस, गूगलच्या नियमांत ते स्पॅम आहे. वारज्याचं वेगळं पान करायचंच असेल तर तिथं डबा किती वाजता पोचतो, कोणत्या सोसायट्यांपर्यंत जातो, पोचवायचे वेगळे पैसे आहेत का, हे त्यात हवं. एवढं लिहायला नसेल तर एकाच पानावर भागांची यादी दे.

नकाशावरच्या नोंदीला, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइलला, मी साइटीइतकंच महत्त्व देईन. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं: धंदा शोधाशी जुळतो का, किती लांब आहे, किती परिचित आहे. अंतर तुझ्या हातात नाही. हिंजवडीतून शोधणाऱ्याला काकू बहुधा दिसणार नाहीत, त्याची खंत करू नकोस. गिऱ्हाईक घरी येत नसेल तर पत्ता लपव आणि सेवेचे भाग भर, वीसपर्यंत भरता येतात. नाव बिलावर आहे तेच ठेव, पुढं ‘बेस्ट टिफिन सर्व्हिस पुणे’ जोडलंस तर नोंद बंद पडू शकते. अभिप्राय जरूर मागा, पण सवलतीच्या बदल्यात नाही, आणि विकतचे तर नाहीच. महिन्याचा हिशेब झाला की काकूंनी अभिप्रायाचा दुवा पाठवावा, ती वेळ योग्य असते.

बदल केलेस की काही आठवडे थांब. कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात १६ महिन्यांचा तपशील मिळतो. ज्या शोधाला पान दिसतंय पण कुणी क्लिक करत नाही, तिथं आधी शीर्षक सुधार. ज्या शोधाचं उत्तर साइटवर नाहीच, तो काकूंपुढं ठेव. त्या तसा डबा देत असतील तर लिही, देत नसतील तर ‘देत नाही’ हेही लिही, उगाचचे फोन टळतात. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला मात्र पैसे देऊ देऊ नकोस. अशी हमी कुणालाच देता येत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं.

आणि डोमेन, कन्सोल, नकाशावरची नोंद या तिन्हींची मालकी काकूंच्या ईमेलवर ठेव. तुझा पत्ता जोड, पण नुसता व्यवस्थापक म्हणून. उद्या तू दुसऱ्या कामाला लागलीस तरी त्यांची साइट अडकून पडायला नको.

तुझा शुभचिंतक