मंडळी शेतकऱ्यांची, पगार कोणाचा?

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणींबरोबर खेडा जिल्ह्यातलं ढुंडी गाव पाहून आली, तेव्हापासून कॅम्पस प्लेसमेंटचं नाव काढत नाही. गावोगावी शेतकऱ्यांच्या मालकीचे सौर प्रकल्प उभे करणार, गावं विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणार म्हणते. तिच्या बाबांचं म्हणणं, आधी जीईबीची, म्हणजे वीज मंडळाची, परीक्षा दे, मग काय ती समाजसेवा कर. घरात रोज वाद होतात. यात खरंच करिअर आहे का? आणि पुढे शिकायचंच असेल तर एम.टेक. बरं की आणंदचं ग्रामीण व्यवस्थापन?
— एक आई, वडोदरा

ताई, यात करिअर आहे. मात्र पदवी हातात पडली की थेट गाव गाठायचं आणि मंडळी, म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था, काढायची, ही जी वाट लेकीच्या डोक्यात आहे, ती वर्षभरात तिला घरी परत आणेल. तिच्या बाबांना ही समाजसेवा वाटते, तेही खरं नाही. हा धंदा आहे, आणि त्यात सगळ्यात अडतं ते हिशेबाशी. म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करतो.

ठासरा तालुक्यातल्या ढुंडीत पूर्वी शेतीला डिझेलचे पंप होते. 2016 मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी सुरू केली. कल्पना तुषार शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या आणंदच्या कार्यालयातली. नुसता सौर पंप दिला तर वीज फुकट. मग शेतकरी दिवसभर पाणी उपसणार आणि भूजल खाली जाणार. उरलेली वीज विकता आली तर मात्र पंप बंद ठेवण्यातच पैसा. वीज घ्यायला एमजीव्हीसीएल ही वीज वितरण कंपनी पुढे आली : 25 वर्षांचा करार, युनिटला 4 रुपये 63 पैसे. बदल्यात शेतकऱ्यांनी तेवढ्या वर्षांसाठी सवलतीच्या शेती-वीजजोडणीचा हक्क सोडला. सगळ्यांची वीज एका ठिकाणी गोळा होऊन एकाच मीटरमधून ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या वीजजाळ्यात, जाते, म्हणजे कंपनीला सहा जणांशी सहा वेगळे व्यवहार करायला नकोत. मंडळी काढण्यामागे हा साधा व्यवहार आहे, हे लेकीनं तिथे विचारलं होतं का, ते मला जाणून घ्यायला आवडेल.

आता तिला कागद-पेन घेऊन बसवा. सुरुवातीची क्षमता सुमारे 56 किलोवॉट. आपल्या भागात एका किलोवॉटमागे वर्षाला ढोबळ 1,400 युनिट धरायला हरकत नाही. म्हणजे साधारण 78 हजार युनिट. सगळीच्या सगळी विकली, एक थेंबही पाणी उपसलं नाही असं समजलं, तरी वर्षाला तीन लाख साठ हजारांच्या आसपास. सहा घरांत वाटले तर प्रत्येकी साठ हजार. शेतीच्या जोडीला ही रक्कम छान आहे, शेतकरी खूश असणारच. पण यातून इंजिनिअरचा पगार कुठून निघणार? सहा जणांच्या मंडळीला इंजिनिअर परवडत नाही.

परवडतो तो दोन ठिकाणी. एक तर प्रकल्प मोठा हवा. केंद्राच्या 2019 च्या पीएम-कुसुम योजनेच्या पहिल्या भागात 500 किलोवॉट ते 2 मेगावॉटचे प्रकल्प बसतात, आणि ते एकट्या शेतकऱ्याप्रमाणेच शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, पंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी यांनाही काढता येतात. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते, ती सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि वर्षाला चौदा लाख युनिट मिळतात. समजा तीन रुपये दर मिळाला, तर बेचाळीस लाखांची उलाढाल. यात एक पगार बसतो. पण भांडवल काही कोटींत जातं, बँक आली, तारण आलं, पहिल्या काही वर्षांचा हप्ता आला. दुसरा मार्ग म्हणजे लहान मंडळ्यांचा संघ : तीस-चाळीस मंडळ्या मिळून एक इंजिनिअर, एक हिशेबनीस, सुट्या भागांचं एक गोदाम. दुधात हे झालं. खेडा जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध मंडळ्यांचा संघ 1946 साली त्रिभुवनदास पटेल यांच्या अध्यक्षतेखाली झाला. ‘अमूल’चे वर्गीस कुरियन आणंदला आले ते 1949 मध्ये, सरकारी क्रीमरीत, म्हणजे दुधाच्या कारखान्यात; नंतर ते या संघाकडे नोकरीला लागले. तंत्र जाणणारा माणूस, शेतकऱ्यांनी पगारावर ठेवलेला. लेक म्हणते ‘मी मंडळी उभी करणार’, तिथे माझी तिच्याशी थोडी खडाजंगी होईल. मंडळी शेतकरी उभी करतात. तिच्यासारखीनं तिथे नोकरी करायची असते, आणि ती करायला मान खाली घालावी लागत नाही.

विजेच्या मंडळ्यांचा असा संघ आज तयार उभा नाही. तो उभा राहायला दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त. तुमच्या लेकीची पहिली दहा वर्षं नेमकी त्याच काळात येतात. ही संधीही आहे आणि जोखीमही. म्हणून म्हणतो, पहिली दोन-तीन वर्षं तिनं अशा जागी काढावीत की पगारही सुरू राहील आणि नेमकं हेच काम शिकता येईल.

अशी जागा कोणती, तर तिचे बाबा म्हणतात तीच! आपण सगळे अजून जीईबीच म्हणतो, पण 2005 मध्ये त्या मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि मध्य गुजरातची वीज वाटते ती एमजीव्हीसीएल, मुख्यालय आपल्याच गावात. ढुंडीसारख्या सौर मंडळीच्या करारावर समोरची सही याच कंपनीची असते. फीडरच्या, म्हणजे गावाकडे येणाऱ्या वीजवाहिनीच्या, टोकाला दुपारी व्होल्टेज चढलं की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज ग्रिडजोगी करणारं यंत्र, ट्रिप होऊन बंद पडतो आणि मंडळीचं त्या तासाचं उत्पन्न बुडतं. तक्रार कुठल्या टेबलावर जाते, कोण निकाली काढतं, मीटर टेस्टिंगला किती काळ लागतो, हे आत बसलेल्यालाच कळतं. ज्युनिअर इंजिनिअरसाठी विद्युत सहायकाची भरती निघेल तेव्हा तिनं फॉर्म जरूर भरावा. फक्त बाबांना एक गोष्ट सांगा : ही खुर्ची निवृत्तीपर्यंत धरून बसण्यासाठी नाही. बडोद्यातल्या मराठी घरांत पगारी नोकरीचं प्रेम गायकवाडी कचेऱ्यांपासून चालत आलेलं आहे, माझ्याही घरात होतं, त्यामुळे हे वाक्य पचायला जड जाईल याची मला कल्पना आहे.

परीक्षेत जमलं नाही तर सौर प्रकल्प उभारून देणाऱ्या एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत साइटवरची नोकरी घ्यावी. ऑफिसात बसून सॉफ्टवेअरवर लेआउट काढण्याची नको. साइट इंजिनिअरला अर्थिंगच्या खड्ड्यापासून बँकेच्या तपासनिसापर्यंत सगळं अंगावर घ्यावं लागतं, आणि पुढे मंडळीला लागतं ते हेच.

गाव ‘स्वयंपूर्ण’ करण्याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण मुलं इथे सगळ्यात जास्त वाहवत जातात. डेन्मार्कच्या साम्सो बेटाचं उदाहरण तिनं वाचलं असेल. वस्ती चारेक हजार. 1997 मध्ये सरकारी स्पर्धेत निवड झाली, दहा वर्षांत बेट वापरतं त्याहून जास्त वीज वाऱ्यापासून बनवू लागलं. जमिनीवर अकरा, समुद्रात दहा पवनचक्क्या. बऱ्याचशा शेतकऱ्यांच्या, काही नगरपालिकेच्या, काही लहान-लहान भागधारकांच्या. पण बेटाला मुख्य भूमीशी जोडणारी केबल आहे. वारा जोरात असला की वीज बाहेर जाते, पडला की बाहेरून येते. स्वयंपूर्णता वर्षाच्या बेरजेत आहे, दर तासाला नाही. आणि तिथे या कामासाठी नेमलेला पहिला माणूस इंजिनिअर नव्हता. सोरेन हर्मान्सन बेटावरचेच, पर्यावरण शिकवणारे शिक्षक. त्यांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, कॉफी पाजली, लोकांचं ऐकून घेतलं. तमिळनाडूतल्या ओडंथुराई पंचायतीनं 2006 मध्ये 350 किलोवॉटची पवनचक्की घेतली, 1 कोटी 55 लाखांना, त्यातले 1 कोटी 15 लाख बँकेचं कर्ज. ती चक्की गावात नाहीच. वारा चांगला तिथे, शंभरेक किलोमीटरवर बसवली, वीज ग्रिडला जाते, आणि गावाशी तिचा संबंध हिशेबाच्या वहीतून.

उलट बिहारमधलं धरनाई. 2014 मध्ये एका पर्यावरण संस्थेनं शंभर किलोवॉटचं सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं वीजजाळं, बसवलं, देशभर कौतुक झालं. मग ग्रिडची स्वस्त वीज गावात पोचली, बॅटऱ्या दमल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत, आणि काही वर्षांत सगळं बंद. पॅनलमध्ये काही खोट नव्हती. अशा वेळी हाताशी लागतो तो घसारा निधी, म्हणजे झिजलेली यंत्रं बदलायला दरवर्षी बाजूला काढलेला पैसा. तुमच्या लेकीला मी एकच पुस्तक वाचायला सांगणार असेन तर ते सहकारी संस्थेच्या हिशेबतपासणीचं असेल. अकरावी-बारावीत कॉमर्सकडे तुच्छतेनं पाहणाऱ्या सगळ्या सायन्सवाल्यांना ही फी कधीतरी भरावीच लागते.

गुजरातमधल्याच मोढेराचं नावही घरात निघेल. ऑक्टोबर 2022 मध्ये ते चोवीस तास सौर विजेवर चालणारं गाव म्हणून जाहीर झालं. जवळच्या सुज्जनपुऱ्यात 6 मेगावॉटचा प्रकल्प आणि मोठी बॅटरी, वर हजारावर घरांच्या छपरांवर पॅनल. काम उत्तम आहे. पण तो सरकारी पैशातून झालेला सरकारी प्रकल्प आहे. लेकीला जे करायचंय त्यात मालकी गावाची, म्हणून तोटाही गावाचा. दोन्हींची सरमिसळ करून ती मुलाखतीत बोलली तर समोरचा लगेच ओळखेल.

या वर्षी काय करायचं? मकरपुऱ्याला ‘एर्डा’ आहे, विद्युत उपकरणांची तपासणी करणारी संस्था. वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल नवीकरणीय ऊर्जा संशोधन संस्था आहे. सुट्टीत यांपैकी कुठेही इंटर्नशिप मिळाली तर घ्यावी, पैसे मिळाले नाहीत तरी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र प्रयोगशाळेतला नको. एखाद्या चालू मंडळीची बारा महिन्यांची मीटर-नोंद मागून घ्यावी आणि वीज कुठे बुडते ते शोधावं : धुळीनं किती, ट्रिपिंगनं किती, भर दुपारी ग्रिड गेल्यानं किती. ग्रिड गेलं की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, लाइनवर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. त्यामुळे डोक्यावर ऊन आणि शेतात पॅनल असूनही पंप थांबतो. हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत पटवून देता आलं, तर तिची अर्धी मुलाखत तिथेच झाली. गुजराती तिला येतं, पण शहरातलं. चरोतरची, म्हणजे आणंद-खेडा पट्ट्यातली, बोली कानावरून जाऊ दे.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, तरी मुलगी एकटी गावात कशी राहणार हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. तिला गावात राहावंच लागेल असं नाही. अशा कामांची कार्यालयं आणंद, नडियादला असतात, आणि आणंद इथून मेमू लोकलनं रोज जाऊन-येऊन करण्यासारखं आहे. संध्याकाळच्या सभा असतील त्या दिवशी उशीर होईल, एवढं धरून चाला.

आता एम.टेक. की आणंद. एम.टेक. नको, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये संशोधन करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात तशी खूण दिसत नाही. आणंदची ‘इर्मा’, म्हणजे ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था, 2025 च्या कायद्यानं त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली आहे, आणि सहकाराचं शिक्षण घ्यायला याहून योग्य जागा मला सुचत नाही. तरीही लगेच नको. फी मोठी आहे, आणि शिक्षणकर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेला मुलगा असो की मुलगी, पहिली चांगल्या पगाराची नोकरी धरतात, ती बहुधा बँकेची नाहीतर एखाद्या बड्या ग्राहकोपयोगी कंपनीची. दोन वर्षं नोकरी करून, थोडे पैसे साठवून आणि दोन-चार मंडळ्यांचे ताळेबंद स्वतः वाचून मग प्रवेश परीक्षेला बसावं. वयानं उशीर होत नाही. आणि तोवर तिचं मन बदललं, ती वीज कंपनीतच रमली, तर तेही बिघडलं असं समजू नका; मंडळ्यांचे अर्ज अडकवून न ठेवणारा एखादा ज्युनिअर इंजिनिअर सबडिव्हिजनला असला तरी शेतकऱ्यांचं पुष्कळ काम होतं.