खोडरबर कोणाच्या हातात? गृहपाठाबद्दल पालकांचे आणि मुलांचे प्रश्न

तिसरी ते सहावीच्या मुलांच्या घरून येणाऱ्या पत्रांत सध्या गृहपाठच गृहपाठ आहे. काही पत्रं पालकांची, दोन मुलांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

मुलगी चौथीत आहे. गृहपाठाला बसली की दोन तास उठत नाही. शेवटी तिची रडारड आणि आमची आरडाओरड. या वयाला किती वेळ योग्य?

चाळीस मिनिटांच्या आसपास. अमेरिकेतल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या संघटना इयत्तेमागे १० मिनिटं असा ठोकताळा धरतात: चौथीला ४०, पाचवीला ५०. हा काही निसर्गनियम नव्हे, पण अंदाज म्हणून चांगला आहे. गृहपाठावर अनेक वर्षं काम केलेले मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये तिथल्या आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. गृहपाठ आणि शाळेतली प्रगती यांचा संबंध त्यांना सातवीपासून पुढे ठळक दिसला, सहावीपर्यंत बराच फिका. म्हणजे चौथीतल्या मुलीने दुसऱ्या तासात गाळलेल्या अश्रूंचं फळ फारसं मिळत नाही. फ्रान्सने तर १९५६ मध्येच प्राथमिक शाळेत लेखी गृहपाठ द्यायला मनाई केली. तरीही तो दिला जातो आणि पालक मागूनही घेतात, हा भाग वेगळा.

पण हे दोन तास नेमके कशात जातात ते आधी बघा. एखाद्या संध्याकाळी काही न बोलता नुसतं शेजारी बसा. पेन्सिलीला टोक काढणं, पाणी पिऊन येणं, वही सापडत नाही, सापडली तर पान सापडत नाही, धाकट्या भावाशी एक फेरी भांडण. बऱ्याच घरांत खरं काम पंचवीस मिनिटांचंच निघतं. तसं असेल तर उपाय सोपा: बसण्याआधी सगळं सामान टेबलावर, भाऊ दुसऱ्या खोलीत, आणि वीस मिनिटांनंतर ठरलेली छोटी सुट्टी.

आणि मुलगी खरोखर मान मोडून ४५ मिनिटं काम करूनही अर्ध्यावरच असेल, तर तिथे वहीत एक रेघ मारा. खाली लिहा, "इथपर्यंत ४५ मिनिटं लागली, पुढचं आज थांबवलं," आणि सही करा. शिक्षकांना ही चिठ्ठी आवडणार नाही अशी भीती पालकांना वाटते. पण वर्गात तीस-चाळीस मुलं असताना कोणाला घरी किती वेळ लागला हे शिक्षकांना कळायला दुसरा मार्गच नसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. गृहपाठ झोपेतून कापून घेऊ नका.

मी रोज मुलाची वही तपासतो, चुका खोडून दुरुस्त करून घेतो आणि मगच दप्तरात ठेवू देतो. बायको म्हणते हे चूक आहे. तुमचं मत?

मी तुमच्या पत्नीच्या बाजूने. का, ते एका गणितावरून सांगतो.

वजाबाकी आहे: ४०२ मधून १५८ वजा करा. मुलाने उत्तर लिहिलं ३५६. तुम्ही बघता, "अरे, लक्ष कुठंय तुझं!" म्हणता, खोडता आणि बरोबर उत्तर २४४ लिहून घेता. पान स्वच्छ. आता ते ३५६ परत एकदा बघा. एककात २ आणि ८: मुलाने ८ मधून २ काढले, ६ लिहिले. दशकात ० आणि ५: ५ मधून ० काढले, ५ लिहिले. शतकात ४ मधून १ काढला, ३ उरले. त्याचं लक्ष मुळीच उडालेलं नव्हतं. त्याने एक नियम अगदी काटेकोर पाळला: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा, कोण वर आणि कोण खाली हे बघायचं नाही. वजाबाकीत दशक किंवा शतक कधी आणि का मोडायचं हे त्याला कळलेलं नाही, आणि त्यातून त्याने आपली स्वतःची वाट काढली आहे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांना दिसलं ते हेच, की मुलांच्या बऱ्याच चुका वेंधळेपणाच्या नसतात, त्यांच्यामागे चुकीची पण ठाम रीत असते.

ही रीत शिक्षकांना एका नजरेत ओळखू येते. एकाच पानावर अशी तीन उत्तरं दिसली, की दुसऱ्या दिवशी वर्गात काय परत घ्यायचं ते ठरतं. दहा मुलांच्या वहीत दिसली तर आपलंच शिकवणं कुठे कमी पडलं तेही कळतं. तुम्ही खोडून दिलेल्या वहीत दहाही उत्तरं बरोबर. बाईंनी बरोबरच्या खुणा केल्या, पुढचा धडा सुरू केला. मुलगा मात्र चाचणीत परत ३५६ लिहून येणार, आणि घरी प्रश्न पडणार, "घरी तर सगळं येत होतं!"

मग काहीच करायचं नाही का? करा की. पान पूर्ण भरलं आहे का ते बघा. मुलाला विचारा, "यातलं एक उत्तर मला समजावून सांग." सांगता सांगता त्याची चूक त्यालाच दिसली तर त्याने ती खुशाल दुरुस्त करावी, पण खोडू नये. चुकीवर एक आडवी रेघ, शेजारी नवं उत्तर. पहिलं उत्तर दिसत राहिलं पाहिजे. नाही दिसली चूक, तर तशीच शाळेत जाऊ द्या. फार अस्वस्थ वाटलं तर समासात पेन्सिलीने बारीक टिंब द्या, शिक्षक समजतील.

माझं रोज काहीतरी घरी राहतं. आई वही आणून द्यायला तयार असते, बाबा म्हणतात आणायची नाही. कोण बरोबर? (पाचवीतली मुलगी)

बाबा. पण एक अट: रात्री झोपण्याआधी दप्तर तू स्वतः भरायचंस आणि दाराशी ठेवायचंस. आई भरत असेल तर राहिलेली वही आणून देणंही तिच्याकडेच आलं.

शब्दांच्या चाचणीसाठी मी प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहितो. तरी चाचणीत चुकतात. आणखी किती वेळा लिहू? (पाचवीतला विद्यार्थी)

आणखी नको, कमी लिही. दहा वेळा लिहिताना चौथ्या वेळेपासून तू शब्द लिहीत नसतोस, वरच्या ओळीतलं अक्षर खाली उतरवत असतोस. काही मुलं तर आधी पहिलं अक्षर उभ्या रांगेत दहा वेळा लिहितात, मग दुसरं. (तूही करतोस ना?) हात दुखतो, पण डोक्याला काम पडत नाही.

असं करून बघ. शब्द नीट बघ, त्यात फसवा भाग कोणता ते शोध: ऱ्हस्व की दीर्घ, जोडाक्षर कुठे आहे. हाताने झाक. न बघता लिही. हात काढ आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. चुकला तर परत एकदा, बरोबर आला तर पुढचा शब्द. एवढंच.

यात महत्त्वाची पायरी झाकून लिहिण्याची आहे. तेव्हा डोकं आठवायचा प्रयत्न करतं, आणि त्या प्रयत्नानेच शब्द पक्का होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये कॉलेजातल्या मुलांवर हे करून पाहिलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी चाचणी पाच मिनिटांनी नसते, म्हणून दुसरी रीत तुझ्या कामाची.

अजून एक. सगळे शब्द चाचणीच्या आदल्या रात्री नकोत. आज पाच मिनिटं, एक दिवस सोडून पाच, आदल्या दिवशी पाच. बाईंनी दहा वेळा लिहूनच आणायला सांगितलं असेल, तर त्यांना विचार, "दहाऐवजी झाकून तीन वेळा लिहिलं तर चालेल का?" विचारायला काही हरकत नाही. बहुतेक बाई हो म्हणतील.

वर्गाच्या पालकांचा एक ग्रुप आहे. रात्री साडेदहाला "उद्या काय आणायचंय?" सुरू होतं, शंभर मेसेज येतात, त्यात शिक्षकांची खरी सूचना हरवते. ग्रुप सोडला तर काही राहून जाईल का?

ग्रुप राहू द्या, पण त्याचा आवाज बंद करा. आणि तुमच्या घरी गृहपाठाची खबर कोण आणतं, हे एकदा ठरवा. तुम्ही ग्रुपवरून आणत असाल तर मुलाने वर्गात फळ्यावरचं उतरवून घ्यायचं कारणच उरत नाही. तो खिडकीबाहेर बघत बसेल, आणि त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

तिसरी-चौथीपासून हे काम मुलाचं. डायरीत तीन गोष्टी: काय करायचं, कधी द्यायचं, काय लागेल. सुरुवातीला अर्धवट लिहील. "ग. पा. पान २७" एवढंच असेल आणि उदाहरण कितवं ते नसेल. तेव्हा ग्रुपवर विचारायचा मोह आवरा. त्याला येतं तेवढं करू दे, सकाळी मित्राला किंवा सरांना तो स्वतः विचारेल. त्या एका ओशाळवाण्या सकाळीनंतर डायरी सुधारते.

शाळा दर आठवड्याला वर्गाची बातमी किंवा सूचनापत्र पाठवत असेल तर ते मात्र तुम्ही वाचा. आधी तारखा बघा: चाचणी, प्रकल्प, सुट्टी, पालकसभा. सगळ्यांना दिसेल अशा कॅलेंडरवर त्या उतरवा, शक्यतो मुलाच्या हाताने. मग या आठवड्यात वर्गात काय शिकवताहेत ते बघा. त्याचा मोठा उपयोग असा, की "आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला जे "काही नाही" हे जगभर ठरलेलं उत्तर मिळतं, त्यातून तुमची सुटका होते. अपूर्णांक चालू आहेत हे माहीत असेल तर विचारा, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मला वाटतं चतुर्थांश, चार मोठे ना!" चूक दुरुस्त करायला मुलं धावत येतात.

शिक्षकांना खासगीत काही सांगायचं असेल तर ते ग्रुपवर नको. डायरीत दोन ओळी लिहा.

गुणाकार आम्ही शिकलो तसा आता शिकवत नाहीत. चौकटी काढतात. मी माझ्या पद्धतीने शिकवतो तर मुलगी म्हणते "असं नाही!" आणि भांडण होतं.

मुलीचं ऐका, निदान आधी. २७ गुणिले १४ घ्या. चौकटीत २७ चे २० आणि ७, १४ चे १० आणि ४ करतात. मग चार गुणाकार: २००, ८०, ७० आणि २८. बेरीज ३७८. आता तुमची उभी मांडणी करा. २७ चोक १०८, म्हणजे तिचे ८० आणि २८. खालच्या ओळीत २७०, म्हणजे तिचे २०० आणि ७०. दोन्ही रीतींत गणित एकच आहे. तुमच्या मांडणीत दोन-दोन तुकडे एकाच ओळीत जमा होतात, तिच्या चौकटीत सुटे दिसतात. आकड्याची स्थानिक किंमत पक्की होईपर्यंत सुटे दिसणंच बरं. आखूड रीत वर्गात पुढे येतेच.

तेव्हा "मला शिकव ही चौकट" म्हणा. तिला सांगता आली तर काम झालं. नाही आली तर तुमची रीत शिकवू नका, काय अडलं ते बाईंना लिहून पाठवा.

पत्रात तुम्ही पुढे लिहिलं आहे, "मलाही गणिताची पहिल्यापासून धास्तीच." हे जरा गंभीरपणे घ्या. एरिन मॅलोनी आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा एक अभ्यास आहे, पहिली-दुसरीच्या मुलांचा, म्हणजे तुमच्या मुलीहून लहान. ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांचीही धास्ती वाढली. फारशी मदत न करणाऱ्या धास्तावलेल्या पालकांच्या मुलांत तसं दिसलं नाही. त्यामुळे गणिताच्या वेळी घरातलं दुसरं कोणी शेजारी बसलं तर उत्तम. कोणी नसेल तर तुम्ही तुमचं वाचन घेऊन बसा आणि ती तिचं गणित करू दे.

सहावीतला मुलगा फोनवरच्या एआयला प्रश्न विचारून उत्तरं उतरवतो. विचारलं तर म्हणतो, "समजून घेऊनच लिहिलंय." कसं ओळखायचं?

भाषेवरून ओळखायला जाऊ नका, मुलं वाक्य बदलून लिहायला लगेच शिकतात. फोन बाजूला ठेवा आणि त्याच प्रकारचं दुसरं उदाहरण द्या, आकडे बदलून. निबंध असेल तर त्यातला एक परिच्छेद न बघता तोंडी सांगायला लावा. शब्द वेगळे आले तर चालेल, मुद्दा यायला हवा. जमलं, तर त्याचं म्हणणं खरं होतं आणि तुम्ही विषय सोडून द्या.

नाही जमलं, तरी आरोप नकोत. त्यालाच वहीत लिहायला सांगा: "पहिलं उदाहरण फोनवर बघून केलं. दुसरं स्वतः करून बघितलं, इथे अडलो." अडलेली पायरीही तशीच ठेवू दे. फोन कधी आणि कशासाठी चालेल याचा शाळेचा नियम काय आहे ते शिक्षकांना विचारा, आणि तो नियम मुलासमोरच विचारा.