वाचकांचे प्रश्न : मोटारीच्या गजराला जादा सायरन

प्रश्न : आमची मोटार दांडिया बाजारातील जुन्या वाड्याबाहेर, गल्लीच्या तोंडाशी उभी असते. चोरीविरोधी गजराचा एकच सायरन बॉनेटखाली आहे आणि तो मागच्या खोल्यांपर्यंत ऐकू येत नाही. आणखी दोन सायरन त्याच वायरींना जोडावेत असे एका मेकॅनिकचे म्हणणे आहे, तर दुसऱ्याच्या मते मध्ये रिले घातल्याशिवाय ते करू नये. यांतले बरोबर कोणते आणि जोडणी कशी करावी? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे बरोबर आहे. रिले म्हणजे कॉइलमधल्या थोड्या प्रवाहाने चुंबकत्व आणून मोठ्या प्रवाहाचे संपर्क जोडणारा स्विच. साध्या वीस वॉटच्या सायरनला बारा व्होल्टवर सुमारे १.६ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे तीन सायरनना जवळजवळ पाच अँपिअर. गजराच्या मॉड्यूलमधून, म्हणजे नियंत्रण-पेटीतून, सायरनसाठी निघणारी वायर बहुधा एक ते तीन अँपिअरपुरतीच असते. नेमका आकडा मॉड्यूलच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. जादा भार पडला की आतला ट्रान्झिस्टर तापतो आणि कधीतरी, बहुधा गजराची खरी गरज असतानाच, निकामी होतो. रिलेच्या कॉइलला मात्र साधारण ०.१५ अँपिअर पुरतो आणि सायरनचा सगळा भार बॅटरीतून रिलेच्या संपर्कांमार्गे जातो.

रिले विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी मल्टिमीटरने तपासाव्यात. त्या टाळल्यामुळेच बहुतेक जोडण्या फसतात. पहिली म्हणजे आपला सायरन खरोखर सायरन आहे की नुसता कर्णा. काही गजरांत आवाजाचा सूर मॉड्यूलमध्येच तयार होतो आणि बॉनेटखाली फक्त स्पीकर असतो. गजर वाजत असताना मीटर डीसीवर ठेवून सायरनच्या दोन वायरींमधला विद्युतदाब (व्होल्टेज) मोजावा. तो स्थिर बारा व्होल्टच्या आसपास असेल, तर सूर निर्माण करणारे सर्किट सायरनमध्येच आहे आणि रिले चालेल. डीसीवर आकडा नगण्य किंवा डळमळीत असून एसीवर मात्र दाब दिसत असेल, तर तो स्पीकर समजावा. तेथे रिले नुसता खडखडेल, आणि दुसरा स्पीकर समांतर जोडला तर एकूण रोध निम्मा होऊन मॉड्यूलच गरम होईल. अशा गजराला जादा आवाज द्यायचाच असेल, तर स्थिर बारा व्होल्ट देणारे दुसरे आउटपुट त्याला आहे का ते पाहावे. दिवे किंवा हॉर्न यांच्यासाठी असलेले आउटपुट येथे उपयोगाचे नाही, कारण ते थांबून थांबून येते आणि सायरनचा सूर सुरू होतो न होतो तोच तुटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मॉड्यूल सायरनची धन बाजू चालू-बंद करते की ऋण. गजर शांत असताना सायरनच्या लाल वायरीचा चॅसिसच्या, म्हणजे मोटारीच्या धातूच्या सांगाड्याच्या, तुलनेत दाब मोजावा. शून्य आला तर धन बाजू मॉड्यूलच्या ताब्यात आहे. बारा आला तर लाल वायर कायम जिवंत असून मॉड्यूल ऋण बाजू जोडते.

आता जोडणी. मोटारीच्या साध्या बारा व्होल्टच्या चार पिनांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वायर फ्यूजमधून ३० ला द्यावी आणि ८७ वरून दोन्ही नव्या सायरनच्या लाल वायरी घ्याव्यात. त्यांच्या काळ्या वायरी चॅसिसला जोडाव्यात. धन बाजू चालू-बंद करणाऱ्या मॉड्यूलची सायरन-वायर ८६ ला जोडून ८५ चॅसिसला द्यावा. मॉड्यूल ऋण बाजू चालू-बंद करत असेल, तर ८६ ला फ्यूजमधून कायमचा धन द्यावा आणि मॉड्यूलची वायर ८५ ला जोडावी. रिलेवर ८७ए ही पाचवी पिन असेल तर ती मोकळी ठेवून तिच्यावर आवरण चढवावे, कारण रिले विश्रांतीत असताना तिच्यावर बॅटरीचा दाब असतो.

जुना सायरन रिलेवर आणू नये, तो पूर्वीप्रमाणे थेट मॉड्यूलवरच राहू द्यावा. रिले, फ्यूज किंवा नवी वायर यांपैकी काहीही बिघडले तरी निदान एक आवाज शिल्लक राहतो.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, एका वितीच्या आत असावा. तो सायरनसाठी नसून वायरीसाठी असतो, आणि बॅटरी व फ्यूज यांमधला तुकडा चिरडला गेला तर त्याला कोणतेच संरक्षण नसते. दोन जादा सायरनसाठी साडेसात अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. चॅसिसच्या जोडाखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट घट्ट बसवावा, नाहीतर सायरन कण्हल्यासारखा वाजतो आणि दोष रिलेला दिला जातो.

कॉइलच्या दोन पिनांवर १एन४००७ हा एक-दोन रुपयांचा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) उलटा जोडण्यास अनेक जण कंटाळा करतात. प्रवाह तुटताच कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि शंभर व्होल्टच्या पुढचा उलटा झटका मॉड्यूलच्या ट्रान्झिस्टरवर बसतो; तो झटका हा डायोड गिळतो. डायोडवरचा पट्टा धन बाजूकडे, म्हणजे ८६ कडे असावा. काही रिलेंमध्ये डायोड आतच बसवलेला असतो. मग ८५ आणि ८६ यांची अदलाबदल चालत नाही, कारण डायोड सुलटा होऊन मॉड्यूलची वायर थेट चॅसिसला भिडते.

राहिला आवाजाचा प्रश्न. एकासारखे दोन सायरन एकत्र वाजले की आवाजाची पातळी फक्त तीन डेसिबलने वाढते आणि चार वाजले की सहाने. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात ते वेगळेच. म्हणून बॉनेटखाली सायरनची रांग लावण्यात अर्थ नाही. एक जादा सायरन बॉनेटखाली, तोंड खाली करून वाड्याच्या दिशेला, आणि दुसरा, लहानसा, मोटारीच्या आत बसवावा असे सुचवतो. बंद मोटारीत बसून तो आवाज सहन करत डॅशबोर्ड उघडणे चोराला फार वेळ जमत नाही. बाहेरच्या तिसऱ्या सायरनपेक्षा आतला हा एक मला अधिक उपयोगी वाटतो.

प्रश्न : मी घेतलेल्या जादा सायरनमध्ये स्वतःची बॅटरी आहे. रिलेवर जोडल्यापासून गजर बंद केला की तोच ओरडू लागतो. माल सदोष आहे का? (एक वाचक, कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : माल ठीक असावा. अशा सायरनला कायमचा पुरवठा आणि गजराचा संकेत असे दोन वेगळे धन मार्ग लागतात. चोराने बॅटरीची वायर तोडली तरी वाजावे यासाठीच तो बनवलेला असतो, त्यामुळे कायमचा पुरवठा गेला की आतल्या बॅटरीवर तो ओरडतो. आपल्या जोडणीत पुरवठ्याची वायर ८७ वर गेलेली दिसते, म्हणून रिले सुटताच सायरनला मुख्य वायर तुटल्याचा भास होतो. ती वायर स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीला द्यावी आणि ८७ वर फक्त संकेताची वायर ठेवावी. पुढे कधी मोटारीची बॅटरी काढताना हा सायरन आधी त्याच्या किल्लीने बंद करावा.

आपण विश्वामित्रीच्या बाजूला राहता म्हणून एवढे जोडतो की रिले बॉनेटखाली शक्य तितका उंच आणि पिना खाली करून बसवावा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहरातल्या कित्येक मोटारी पाण्यात होत्या. तशा पाण्यापुढे कोणताही रिले टिकत नाही, पण पावसाळ्यातले रोजचे शिंतोडे पिना खाली असल्या तर सॉकेटमध्ये साचत नाहीत.

प्रश्न : नवरात्रात गरब्याच्या मैदानाजवळ मोटार लावली की गजर वारंवार वाजतो. सायरन तीन झाल्यापासून शेजारीही तक्रार करतात. (एक वाचिका, रावपुरा, बडोदे)

उत्तर : येथे दोष सायरनचा नाही. ध्वनिवर्धकांच्या खर्जाने काचा आणि पत्रा थरथरतो आणि धक्का ओळखणारा सेन्सर त्यालाच धक्का समजतो. सेन्सरवर बहुधा लहान स्क्रू असतो. तो थोडा थोडा फिरवून, काचेवर मुठीने हलके ठोकल्यास गजर होणार नाही आणि जोराने ठोकल्यास होईल, अशा जागी आणावा. पुष्कळ गजरांत रिमोटवरून तेवढ्यापुरता सेन्सर बंद ठेवून दारांचे संरक्षण चालू ठेवण्याची सोय असते, ती त्या नऊ रात्री वापरावी.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ बदलत्या सुरांचे हॉर्न व अवाजवी कर्कश आवाजाची साधने वाहनावर बसवण्यास मनाई करतो. त्यामुळे हे सायरन हॉर्नच्या बटणाला कधीही जोडू नयेत, मॉड्यूलमधली वाजण्याची मुदत सर्वांत कमी ठेवावी, आणि तिसरा सायरन बॉनेटखाली असेल तर तो काढावा.